शाळेचा पट आणि बागेतली मुलं

टोकियो, फेब्रुवारी 2026

ती. आई-बाबांना,
सा. न.

बाबा, परवा शाळेचा विषय निघाला आणि तुम्ही चिडून फोन आईकडे दिलात. म्हणून हे लिहूनच पाठवते. कागदाला मध्येच तोडता येत नाही.

तुमचं म्हणणं मला कळलं. पट सातावर आलाय, त्यात बागेच्या राखणदाराची दोन मुलं. "नेपाळ्यांची पोरं धरून पट दाखवायचा, त्यापेक्षा शाळा बंद झालेली बरी," असं तुम्ही म्हणालात. शाळा समितीतले लोक तुमच्या शब्दाला मान देतात, म्हणून हे तुम्हीच म्हणणं मला जास्त लागलं.

पट का पडला, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत असणार? 2001 आणि 2011, दोन्ही जनगणनांना तुम्ही वाड्यावाड्यांतून पायी फिरलात. कुलूप लागलेल्या घरांची नोंद तुमच्याच हातची आहे. त्या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या 17 टक्क्यांहून जास्त वाढली आणि रत्नागिरी जिल्ह्याची मात्र 16 लाख 97 हजारांवरून 16 लाख 15 हजारांवर आली. सिंधुदुर्गही घटला. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे 1122 बायका निघाल्या. आईला त्यासाठी जनगणना लागली नसती. आजोबा गिरणीत, काका गिरणीत, आणि इथे शेत, गुरं, म्हातारी माणसं सगळं बायकांच्या गळ्यात. आता त्यात भर पडलीय कमी जन्मांची. 2019-21 च्या पाहणीत महाराष्ट्रात बाईमागे सरासरी 1.7 मुलं होती. लोकसंख्या आहे तेवढी राहायला साधारण 2.1 लागतात. म्हणजे आधी माणसं गेली, आणि गेलेल्यांच्या घरीही आता एकच मूल. गणपतीला आलेल्या चाकरमान्यांची पोरं मोजून शाळा चालत नाही.

मी इथे हेच बघते आहे, फक्त फार मोठ्या मापात. जपानची लोकसंख्या 2008 च्या सुमारास शिगेला पोचली आणि तेव्हापासून उतरते आहे. 2024 मध्ये सात लाखांपेक्षाही कमी मुलं जन्मली. 1960 मध्ये पासष्टीपुढच्या एका माणसामागे कमावत्या वयाची अकरा माणसं होती, आता दोन. पेन्शन, दवाखाने, घरी येऊन म्हाताऱ्यांना आंघोळ घालणारी माणसं, सगळ्याचा भार त्या दोघांवर. म्हाताऱ्यांच्या देखभालीसाठी इथे 2000 पासून सक्तीचा विमा आहे, चाळिशी उलटली की प्रत्येकाला हप्ता भरावा लागतो. व्यवस्था चांगली आहे. पण पैसे असले तरी हात कुठून आणायचे? 2023 च्या पाहणीत 90 लाख घरं रिकामी निघाली. ओजी नावाच्या मोठ्या कंपनीने 2024 मध्ये देशातल्या बाळांसाठी डायपर बनवणं थांबवलं, मोठ्यांचे मात्र चालू ठेवले. आणि बाबा, 2002 ते 2020 या काळात इथल्या साडेआठ हजारांच्या आसपास सरकारी शाळा बंद पडल्या. चकचकीत इमारती, पोहण्याचे तलाव असलेल्या. इमारतीने पट वाढत नाही.

(आई, तुझ्यासाठी एक गंमत. आपल्याकडे मुलीला मंगळ असतो तसं इथे साठ वर्षांनी एक वर्ष येतं, 'अग्नी-घोड्याचं'. त्या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याला खाते म्हणे. 1966 मध्ये त्या भीतीने जन्म एका वर्षात पाव हिश्शाने घटले! यंदा पुन्हा तेच वर्ष आहे. आता मुळात मुलंच इतकी कमी की घोड्याला घाबरणार कोण, देव जाणे.)

आता मुद्द्याचं. माझ्या घराखालच्या दुकानात रात्रपाळीला जो मुलगा असतो तो नेपाळचा आहे. शेजारच्या दुकानातलाही. जपानमध्ये आज सव्वादोन लाखांहून जास्त नेपाळी आहेत. शिकायला म्हणून येतात, दुकानांत, हॉटेलांत, कारखान्यांत राबतात. तो मुलगा पहाडातल्या गावचा. मी कोकणातली म्हटल्यावर म्हणाला, त्याचे एक काका आंब्याच्या बागेत राखणीला असतात, गाव त्याला आठवेना. मला हसू आलं आणि मग नाही आलं. आपली पोरं मुंबईला गेली, आपल्या बागा त्याच्या काकांनी राखल्या, आणि त्याचं गाव कोणी राखायचं? 2021 च्या त्यांच्या जनगणनेत 21 लाखांहून जास्त माणसं परदेशात असल्याची नोंद आहे. पहाडी जिल्हेच्या जिल्हे घटलेत. घरं परदेशातून येणाऱ्या पैशावर चालतात. आपली चुलही मनीऑर्डरवरच पेटायची ना?

इथेही आता 'परके फार झाले' अशी ओरड सुरू झालीय. 2025 च्या निवडणुकीत 'आधी जपानी' म्हणणाऱ्या पक्षाने बऱ्याच जागा घेतल्या. त्यांना मत देणाऱ्या आजोबांना रात्री औषध द्यायला जी नर्स येते ती परदेशी असू शकते, हा हिशेब प्रचारात कोणी मांडला नाही. मला मुंबईतली जुनी भाषणं आठवली. तेव्हा चाळीत आपलेच काका टाळ्या वाजवायचे.

तुमचा एक आक्षेप मात्र खरा आहे. दिवाळीनंतर येणारी आणि आंबा संपला की जाणारी मुलं 30 सप्टेंबरच्या पटात बसत नाहीत. त्यांच्या जिवावर शिक्षकाचं पद टिकणार नाही. पण ही दोघं बारा महिने इथेच असतात, आई म्हणाली. धाकटी मालवणी बोलते आणि आईला आजी म्हणते. मग तिला पटात धरलं तर 'दाखवायला' धरलं असं कसं? 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे तुम्हीच कितीदा तरी नव्या मास्तरांना सुनावलंय. इथे टोकियोत सुगिनामी भागात नेपाळी लोकांनी 2013 मध्ये आपली स्वतःची शाळा काढली. आपल्या राखणदाराला ते जमणार नाही. त्याच्यापुढे तुमचीच शाळा आहे.

आणि सात मुलांत ही दोन नसतील तर पाच. पाचांच्या शाळेसाठी तुम्ही भांडाल कशाच्या बळावर?

समितीची बैठक कधी आहे ते कळवा. तिथे अर्ज द्यायचा असेल तर मजकूर तुम्हीच लिहा, तुमच्यासारखा अर्ज तालुक्यात कोणी लिहीत नाही. वरच्या वाडीतल्या बागेत अजून एक कुटुंब वर्षभर राहतं असं आई म्हणत होती, त्यांचीही विचारपूस करा. चढ मोठा आहे, सकाळी जा आणि गोळी घेऊन जा.

आई, कोकम पोचलं. मी बरी आहे.

तुमची,
बाय