तुलनेतल्या गटाने किती खाल्ले, तेही छापावे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या काही वर्षांत आहार आणि वजन या विषयावरचे वृत्तपत्रीय लेखन 'काय खावे' आणि 'किती खावे' यांवरून हळूहळू 'केव्हा खावे' या प्रश्नाकडे सरकले आहे. दिवसाचे सोळा तास उपाशी राहून उरलेल्या आठ तासांतच जेवावे, रात्री काही खाऊ नये, सकाळचा नाश्ता सोडून द्यावा किंवा तो कधीही चुकवू नये, असे एकमेकांना छेद देणारे सल्ले आरोग्य पुरवण्यांतून सारख्याच आत्मविश्वासाने दिले जातात आणि प्रत्येकाच्या पाठीशी कुठल्या ना कुठल्या संशोधनाचा हवाला असतो. हे हवाले बहुधा खोटे नसतात. पण त्यांतून एक गोष्ट जवळजवळ नेहमीच गाळलेली असते, ती म्हणजे ज्या गटाशी तुलना केली तो गट त्या काळात किती खात होता. ही माहिती दिल्याशिवाय अशी बातमी छापली जाऊ नये, एवढीच माझी विनंती आहे. ती का करावीशी वाटते, हे सांगण्यासाठी थोडी जागा मागतो.

वेळेच्या या उत्साहाचे मूळ बऱ्याच अंशी २०१२ साली अमेरिकेतील सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये सच्चिदानंद पांडा यांच्या प्रयोगशाळेने उंदरांवर केलेल्या प्रयोगात आहे. दोन गटांना एकच चरबीयुक्त खाद्य दिले होते. एका गटापुढे ते दिवसरात्र ठेवलेले असे, तर दुसऱ्या गटाला ते रात्री, म्हणजे उंदीर जागे असतात त्या वेळेत, आठच तास मिळे. दोन्ही गटांनी जवळपास सारखेच उष्मांक घेतले, तरी पहिला गट लठ्ठ झाला आणि दुसरा पुष्कळ सडसडीत राहिला. प्रयोग नेटका होता आणि त्याचा गाजावाजा होणे स्वाभाविक होते. मात्र उंदराचा चयापचय इतका वेगवान असतो की एका रात्रीच्या उपासानेही त्याचे वजन चांगलेच उतरते, त्यामुळे उंदराचे सोळा तास आणि माणसाचे सोळा तास यांना एकाच मापाने मोजता येत नाही. माणसांवरचे काळजीपूर्वक प्रयोग पुढच्या दशकात झाले आणि त्यांनी वेगळीच गोष्ट सांगितली.

अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ११६ जण होते. निम्म्यांनी बारा आठवडे दुपारी बारा ते रात्री आठ एवढ्याच वेळात हवे ते खावे आणि उरलेल्यांनी दिवसातून तीन वेळा नेहमीसारखे जेवावे, अशी तिची योजना होती. पहिल्या गटाचे वजन सरासरी ०.९४ किलोने आणि दुसऱ्याचे ०.६८ किलोने उतरले. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर फरक मानता येण्याजोगा नव्हता. शिवाय ज्यांची सविस्तर तपासणी झाली, त्यांच्यापैकी वेळ पाळणाऱ्यांच्या उतरलेल्या वजनात चरबीपेक्षा स्नायूंसारख्या मेदरहित भागाचा वाटा जास्त निघाला, ही गोष्ट सोळा तासांच्या उपासाची भलामण करणाऱ्या लेखांत मला क्वचितच वाचायला मिळाली आहे. चीनमधील ग्वांगझू येथील चाचणी (२०२२) अधिक दीर्घ आणि अधिक बोलकी आहे. तिथल्या १३९ लठ्ठ व्यक्तींपैकी सर्वांनाच उष्मांकांची मर्यादा घालून दिली होती, पुरुषांना दिवसाला १५०० ते १८०० आणि स्त्रियांना १२०० ते १५०० किलोकॅलरी. त्यांतल्या एका गटावर सकाळी आठ ते दुपारी चार या वेळेतच खाण्याचे जादा बंधन होते. वर्षअखेर वेळेचे बंधन पाळणाऱ्यांचे वजन सरासरी ८.० किलोने आणि न पाळणाऱ्यांचे ६.३ किलोने घटले होते, आणि हाही फरक निर्णायक ठरला नाही. पुढे २०२४ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी ४१ जणांचे सगळे जेवण बारा आठवडे स्वतःच पुरवले आणि दोन्ही गटांचे उष्मांक सारखे ठेवले. एका गटाने दिवसाच्या दहा तासांत, तेही बहुतांश दुपारी एकच्या आत खाल्ले, तर दुसऱ्याने नेहमीच्या वेळांना, अर्धे किंवा अधिक संध्याकाळी पाचनंतर. वजनातली घट अनुक्रमे २.३ आणि २.६ किलो, म्हणजे व्यवहारात सारखीच होती.

म्हणजे आठ तासांत जेवणाऱ्यांचे वजन उतरतच नाही काय? उतरते, आणि कसे ते शिकागोत झालेल्या २०२३ च्या चाचणीवरून कळते. तिथे ९० जणांचे तीन गट होते. एकाने दुपारी बारा ते रात्री आठ एवढ्याच वेळात, पण काहीही न मोजता खाल्ले. दुसऱ्याने उष्मांक मोजून रोजचा आहार एक चतुर्थांशाने कमी करायचा होता. तिसऱ्याने काही बदलायचे नव्हते. वर्षभरानंतर तिसऱ्या गटाच्या तुलनेत पहिल्याचे वजन सुमारे ४.६ आणि दुसऱ्याचे सुमारे ५.४ किलोने कमी होते. न मोजता खाणारा पहिला गट रोज सुमारे ४२५ किलोकॅलरी कमी खात होता, जवळपास मोजणाऱ्यांइतक्याच. खाण्याचे तास कमी झाले की खाणे आपोआप कमी होते, इतके साधे ते आहे. मला हे यश मुळीच क्षुल्लक वाटत नाही. प्रत्येक घासाचा हिशेब ठेवणे ज्यांना जमत नाही किंवा त्याचा जाच होतो, अशांना 'अमुक वाजल्यानंतर खायचे नाही' हा एकच नियम पाळणे सोपे जाऊ शकते. आक्षेप आहे तो श्रेय कशाला द्यायचे याबद्दल. आठ तासांच्या खिडकीत पूर्वीइतकेच खाऊनही वजन उतरेल असा समज लेखांतून पसरतो, आणि महिनाभराने काटा हलला नाही की वाचक स्वतःच्या शरीराला दोष देतो.

याचा अर्थ वेळेला काही महत्त्वच नाही असा मात्र कुणी काढू नये. वजनाचा मुद्दा बाजूला ठेवून रक्तातली साखर, इन्सुलिन आणि रक्तदाब यांकडे पाहिले, तर वेळेचा स्वतंत्र परिणाम खरोखरच दिसतो. मेंदूतील एका लहानशा केंद्रात आपले मुख्य जैविक घड्याळ आहे आणि यकृत, स्वादुपिंड, स्नायू, चरबीच्या पेशी यांच्यातही स्वतःची घड्याळे चालतात. मुख्य घड्याळ प्रकाशावर लागते. यकृतासारख्या अवयवांची घड्याळे बऱ्याच अंशी अन्नाच्या वेळेवर लागतात. रात्र होऊ लागली की मेलाटोनिन हे झोपेशी संबंधित संप्रेरक वाढते आणि त्याच सुमारास इन्सुलिनचा स्राव मंदावतो. म्हणून अगदी तेच जेवण सकाळी आठऐवजी रात्री आठला दिले, तर जेवणानंतरची साखर रात्री सुमारे १७ टक्के जास्त आढळली. हार्वर्डशी संलग्न रुग्णालयातील संशोधकांचे हे निरीक्षण २०१५ सालचे आहे. त्याच संशोधकांच्या २०२१ च्या अभ्यासात १९ निरोगी व्यक्तींना प्रयोगशाळेत रात्रपाळीसारखे वेळापत्रक दिले होते. रात्री जेवणाऱ्यांची सरासरी साखर ६.४ टक्क्यांनी वाढली; जागरण तेच असूनही ज्यांनी फक्त दिवसा खाल्ले त्यांची वाढली नाही. रात्रपाळी करणाऱ्या असंख्य लोकांसाठी हा निष्कर्ष सोळा तासांच्या उपासाच्या साऱ्या चर्चेहून उपयोगाचा आहे, पण त्याला त्या मानाने जागा मिळत नाही.

या प्रश्नावरचा मला सर्वांत प्रामाणिक वाटणारा प्रयोग २०१८ चा आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या आठ पुरुषांना पाच आठवडे सहा तासांत, शेवटचे जेवण दुपारी तीनच्या आत, असे खायला दिले आणि वजन घटू नये इतके मुद्दाम दिले. वजन जवळजवळ जागच्या जागी राहूनही त्यांची इन्सुलिनला प्रतिसाद देण्याची क्षमता सुधारली आणि रक्तदाब उतरला. आठ माणसे म्हणजे फारच थोडी, हे खरे. पण प्रश्न नीट विचारला होता: वजन सारखे ठेवले तर एकट्या वेळेने काय होते? बहुतेक गाजलेल्या बातम्यांमागच्या अभ्यासांत हा प्रश्न विचारलेलाच नसतो.

सकाळी जास्त आणि रात्री कमी खाण्याबद्दलही असेच झाले. २०१३ साली ९३ स्त्रियांवर झालेल्या बारा आठवड्यांच्या चाचणीत दोन्ही गटांना रोज १४०० किलोकॅलरीच घ्यायला सांगितले होते. एका गटाने त्यांतल्या ७०० नाश्त्याला आणि २०० रात्री, तर दुसऱ्याने नेमके उलट घेतले. पहिल्या गटाचे वजन ८.७ किलोने उतरले आणि दुसऱ्याचे ३.६ किलोने. हे आकडे अजूनही सर्वत्र उद्धृत होतात. २०२२ साली ॲबर्डीन येथील संशोधकांनी ३० जणांना सगळे अन्न स्वतः पुरवून दोन्ही पद्धती प्रत्येकी चार आठवडे करून पाहायला लावल्या, तेव्हा वजनात आणि शरीराच्या एकूण ऊर्जाव्ययात काही फरक आढळला नाही. फरक आढळला तो भुकेत: सकाळी जास्त खाल्लेल्या काळात दिवसभराची भूक कमी होती. दोन्ही निष्कर्ष एकत्र ठेवून पाहिले तर अर्थ लावणे फारसे अवघड नाही. जेवण मोजून हाती दिले की भुकेला काही करता येत नाही. आपापल्या घरी असताना मात्र रात्री भूक लागलेला माणूस सांगितल्यापेक्षा चार घास जास्त खातो, आणि ते नोंदवायला विसरतोही.

उष्मांक कमी करण्याबद्दल बोलायचे तर तिथला पुरावा अधिक भक्कम आणि अधिक कंटाळवाणा आहे, म्हणूनच बहुधा तो मागे पडतो. अमेरिकेतील तीन केंद्रांवर २१८ लठ्ठ नसलेल्या प्रौढांवर दोन वर्षे चाललेल्या 'कॅलरी' नावाच्या चाचणीत आहार २५ टक्क्यांनी घटवायचे ठरले होते. भरपूर मार्गदर्शन असूनही प्रत्यक्षात तो सुमारे १२ टक्क्यांनीच घटला. तरीही वजन सुमारे दहा टक्क्यांनी उतरले आणि टिकले, रक्तदाब व वाईट मानले जाणारे कोलेस्टेरॉल कमी झाले, इन्सुलिनची परिणामकारकता वाढली. सोबत हाडांची घनता थोडी कमी झाली, हेही नोंदवले पाहिजे. ब्रिटनमधील 'डायरेक्ट' चाचणीत टाइप २ मधुमेहाच्या रुग्णांना तीन ते पाच महिने रोज साधारण ८२५ ते ८५३ किलोकॅलरीचा आहार देऊन नंतर नेहमीचे अन्न टप्प्याटप्प्याने सुरू केले. वर्षअखेर त्यांच्यापैकी ४६ टक्क्यांचा मधुमेह औषधांविना आटोक्यात होता, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ४ टक्के होते, आणि १५ किलो किंवा अधिक वजन उतरलेल्यांत ते ८६ टक्के होते. या आहाराचा गाभा उष्मांकांची घट हा होता, खाण्याचे तास हा नव्हे.

अर्थात कमी खाण्याला शरीर उत्तर देते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मिनेसोटा विद्यापीठात ३६ तरुण स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले होते. त्यांचे वजन एक चतुर्थांशाने घटले, पण विश्रांतीतला ऊर्जाव्ययही घसरला आणि त्यांचे मन सतत अन्नाभोवतीच घोटाळू लागले. इतक्या टोकाला न जाताही, वजन उतरते तसा ऊर्जेचा खर्च उतरतो आणि भूक वाढते. त्यामुळे पहिल्या आठवड्यांतल्या घटीवरून वर्षाचा हिशेब मांडणे चुकीचे ठरते, विशेषतः त्या पहिल्या घटीत ग्लायकोजेन, म्हणजे शरीराने साठवून ठेवलेली साखर, आणि त्याच्यासोबतचे पाणी बरेच असते म्हणून. 'पंधरा दिवसांत अमुक किलो' ही जाहिरात बहुधा या पाण्याचीच असते.

हा अतिरेक एकाच बाजूने होत नाही. योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल पारितोषिक पेशींच्या स्वभक्षण प्रक्रियेवरील, म्हणजे पेशी स्वतःचेच भाग मोडून पुन्हा कसे वापरतात यावरील, कामासाठी मिळाले. ते काम प्रामुख्याने यीस्टवरचे होते, पण उपासाने ही प्रक्रिया वाढते असे सांगत सोळा तासांच्या उपासाला त्यामुळे नोबेलची मोहोर लागल्यासारखे लिहिले जाते. उलट, २०२४ च्या मार्चमध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या परिषदेत मांडलेल्या एका निरीक्षणावरून 'आठ तासांत जेवणाऱ्यांत हृदयविकाराने मृत्यूचा धोका ९१ टक्के जास्त' असे मथळे झळकले. त्या अभ्यासात कुणाला काही करायला सांगितले नव्हते. लोकांनी दोन दिवसांचे खाणे आठवून सांगितले आणि त्यावरून त्यांची वर्गवारी झाली. आजारपणामुळे किंवा एकटेपणामुळे ज्यांचे खाणेच आक्रसले आहे, असे लोक त्या वर्गात किती असतील, हा प्रश्न मथळ्याच्या आधी पडायला हवा होता.

म्हणून आपल्या आरोग्य विभागाला माझी विनंती आहे की अशा प्रत्येक वृत्तात तुलनेतल्या गटाचे उष्मांक सारखे होते की नाही, अन्न संशोधकांनी पुरवले की लोकांनी आठवून सांगितले, आणि किती जण मध्येच सोडून गेले, हे दोन-तीन वाक्यांत यावे. शेवटचा मुद्दा किरकोळ नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, वर्षभर चाललेल्या चाचणीत एक दिवसाआड उपास करणाऱ्या गटातून ३८ टक्के लोक बाहेर पडले, तर रोज थोडे कमी खाणाऱ्या गटातून २९ टक्के. वजनातली घट मात्र दोन्हीकडे सारखीच होती. आणि जे वाचक इन्सुलिन किंवा इन्सुलिनचा स्राव वाढवणाऱ्या सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या घेतात, त्यांची साखर जेवण लांबवल्यास धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. गर्भवती स्त्रिया, वाढीच्या वयातली मुले आणि खाण्याशी संबंधित मानसिक विकारांतून गेलेल्या व्यक्ती यांनाही हे प्रयोग स्वतःच्या मनाने करणे योग्य नव्हे. औषधांचे प्रमाण आणि वेळा डॉक्टरांकडून आधी बदलून घ्याव्यात, ही सूचना लेखाच्या शेवटी बारीक टंकात न छापता, जिथे उपासाचे तास सांगितले असतील त्याच परिच्छेदात छापली जावी.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक