लोकगीतांच्या पुस्तकामागच्या हातांचे आभार

श्रेयनामावलीत ज्यांची नावं सहसा येत नाहीत, त्यांचे हे आभार.

सगळ्यात आधी ध्वनिमुद्रणं ऐकून गाणी उतरवून घेणाऱ्यांचे. तासाभराच्या मुद्रणाला पाच-सहा तास सहज जातात. शिवाय बोलीतला शब्द ‘शुद्ध’ करायचा मोह आवरावा लागतो. तो सुधारला की मात्रा मोडते, यमक जातं.

मुद्रितशोधकांचे आभार कसे मानावेत? जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणला की पहिली वेलांटी आणि रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात, ‘तऱ्हा’मधला र तर हमखास बिघडतो. स्पेलचेकरला बोलीतला निम्मा मजकूर चूकच वाटतो, म्हणून ओळ न् ओळ मूळ मुद्रण पुन्हा ऐकून तपासावी लागते. (काम कंटाळवाणं, खरं सांगायचं तर.)

छापखान्यातल्या मंडळींचे आभार मुख्यतः एका इशाऱ्यासाठी: १६ पानी फर्म्यांत (एका मोठ्या कागदावर छापून घडी घातलेल्या १६ पानांच्या गठ्ठ्यांत) १६४ पानं बसत नाहीत. उरलेली चार पानं वेगळी छापून चिकटवावी लागतात, आणि सुटतात तीच आधी. शब्दसूचीचा टाइप एक पॉइंट लहान केला, १६० वर भागलं.

आणि बाइंडर मंडळी, कागदाचे तंतू पुस्तकाच्या कण्याला समांतर ठेवलेत, म्हणून पानं लाटेसारखी वाकली नाहीत.