प्रक्षेपण बंद करताना पाळलेला नियम ब्रॉडबँडलाही लावा

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

दूरचित्रवाणीचे अ‍ॅनालॉग प्रक्षेपण बंद करून ते डिजिटल करण्याचे काम बहुतेक प्रगत देशांनी २००३ ते २०१३ या दहा-अकरा वर्षांत उरकले. बर्लिन शहराने २००३ मध्ये सुरुवात केली, लक्झेंबर्ग आणि नेदरलँड्स या देशांनी २००६ मध्ये संपूर्ण देशाचे स्थित्यंतर पुरे केले आणि २०१३ च्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियातील शेवटची अ‍ॅनालॉग केंद्रे बंद झाली. या बदलाविषयी बोलताना चित्र किती स्वच्छ झाले आणि वाहिन्या किती वाढल्या, एवढेच आपण बोलतो. मला त्यातली दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. जुनी सेवा बंद करायची असेल, तर नवी सेवा शेवटच्या घरात पोचली की नाही हे आधी पाहावे लागेल, असे त्या वेळी सरकारांनी मान्य केले होते आणि त्यासाठी पैसा, माणसे व प्रसंगी ठरलेली तारीखही मोडली होती. ब्रॉडबँडच्या, म्हणजे वेगवान इंटरनेटच्या, धोरणात मात्र हा नियम जवळजवळ कुठेच दिसत नाही, आणि तो तिथे आणावा, एवढेच मला या पत्रातून मांडायचे आहे.

सरकारांनी हा खटाटोप मुळात का केला, हे ध्यानात घेतले पाहिजे. एका अ‍ॅनालॉग वाहिनीला रेडिओ लहरींच्या पट्ट्यात देशपरत्वे ६ ते ८ मेगाहर्ट्‌झ जागा लागते. तेवढ्याच जागेत डिजिटल पद्धतीने अनेक वाहिन्या बसतात. त्यामुळे ७०० आणि ८०० मेगाहर्ट्‌झच्या आसपासचा मोठा पट्टा मोकळा झाला. या लहरी लांबवर जातात, भिंतीतून आत शिरतात, म्हणून मोबाइल कंपन्यांना त्या हव्याच होत्या. अमेरिकेने २००८ मध्ये ७०० मेगाहर्ट्‌झ पट्ट्याचा लिलाव केला, तेव्हा सुमारे १९ अब्ज डॉलर उभे राहिले. म्हणजे सामान्य प्रेक्षकाने आपला धडधाकट संच निकामी होऊ दिला, त्यातून सरकारच्या तिजोरीत पैसा आला आणि कंपन्यांच्या हाती मोबाइल इंटरनेटचे सर्वांत चांगले साधन आले. ही देवघेव उघड होती, म्हणूनच प्रेक्षकाला काहीतरी परत देणे भाग पडले.

अमेरिकेने दर घरामागे ४० डॉलरची दोन कूपने दिली, ज्यांवर जुन्या संचाला जोडायचा, त्यावर डिजिटल प्रक्षेपण दाखवणारा कन्व्हर्टर बॉक्स मिळत असे. योजना निर्दोष नव्हती. कूपनाची मुदत ९० दिवसांची होती, आणि ठरलेली तारीख, म्हणजे १७ फेब्रुवारी २००९, तोंडावर आली असताना जानेवारीतच निधीची मर्यादा गाठली गेली आणि अर्जदारांची प्रतीक्षायादी लागली. त्यावर अमेरिकी काँग्रेसने कायदा करून तारीख १२ जूनपर्यंत पुढे ढकलली. जपानने २४ जुलै २०११ ही तारीख पाळली, पण भूकंप आणि त्सुनामीने उद्ध्वस्त झालेल्या इवाते, मियागी आणि फुकुशिमा या तीन प्रांतांना ३१ मार्च २०१२ पर्यंत मुदत दिली. ब्रिटनने ७५ वर्षांवरील आणि अपंग नागरिकांसाठी स्वतंत्र मदत योजना आखली आणि बीबीसीच्या परवाना शुल्कातून तिच्यासाठी ६० कोटी पौंडांहून अधिक रक्कम बाजूला काढली. त्या योजनेतला माणूस घरी येऊन उपकरण जोडत असे आणि ते वापरायला शिकवतही असे. मेक्सिकोने तर २०१५ पर्यंत गरीब कुटुंबांना लाखोंच्या संख्येने डिजिटल संचच वाटले. निवडणुकीचे राजकारण त्यात होते, असा आक्षेप घेतला गेला आणि तो अगदीच गैरलागू म्हणता येणार नाही. तरीही संचाविना राहिलेल्या घरांची जबाबदारी कोणीतरी घेतली, हे नाकारता येत नाही.

या जबाबदारीचे मोल मला आकड्यांपेक्षा माझ्या आत्याच्या घरी अधिक कळले. तिचा जुना संच मुंग्यामुंग्यांचे चित्र दाखवायचा, एका माणसाच्या दोन सावल्या दिसायच्या, पण बातम्या ऐकू यायच्या. डिजिटलचे तसे नाही. सिग्नल पुरेसा असेपर्यंत चित्र लख्ख असते. तो जरा कमी पडला की चित्राचे चौकोनी तुकडे होतात, आवाज तुटतो आणि मग निळ्या पडद्यावर ‘सिग्नल नाही’ एवढीच अक्षरे उरतात. तिच्याकडे तेच झाले. आपल्याच हातून काहीतरी बिघडले, असे समजून ती दोन दिवस गप्प बसली होती. मग बॉक्स बसवणारा मुलगा पुन्हा आला, त्याने छतावरचा अँटेना वीतभर सरकवून वळवला, वाहिन्या नव्याने शोधून दिल्या आणि रिमोटवरच्या दोन बटनांवर पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर पेनाने ‘चालू’ आणि ‘बातम्या’ असे लिहून दिले. ती पट्टी पुढे कित्येक वर्षे तिथे होती. तंत्रज्ञान घरात पोचणे म्हणजे काय, ते मी त्या दिवशी पाहिले.

त्याच आत्याला काही वर्षांनी निवृत्तिवेतनासाठी हयात असल्याचा दाखला ऑनलाइन द्यायची वेळ आली, तेव्हा पान अर्धे उघडून थांबायचे, फोटो चढेपर्यंत वेळ संपायची आणि पुन्हा पहिल्यापासून माहिती भरावी लागायची. मी सेवा देणाऱ्या कंपनीला फोन केला, तर ‘आपल्या भागात पूर्ण कव्हरेज आहे’ असे उत्तर मिळाले. या वेळी घरी येणारे कोणी नव्हते, कारण कोणाला पाठवणे हे कोणाचेच काम नव्हते.

‘आपल्या भागात’ या शब्दांतच ब्रॉडबँड धोरणाची खोट आहे. अमेरिकेत कित्येक वर्षे अशी रीत होती की जनगणनेसाठी आखलेल्या एका लहान भूभागातील, म्हणजे गटातील, एका घराला सेवा मिळत असेल, किंवा देता येण्याजोगी असेल, तर तो सगळा गट ‘सेवा उपलब्ध’ म्हणून मोजायचा. नकाशावर रंग भरला की त्या भागाला अनुदान मागता येत नसे, मग त्यातल्या कितीही घरांना जोडणी नसो. हा दोष दूर करण्यासाठी २०२० मध्ये कायदा करावा लागला आणि पत्तानिहाय नकाशा २०२२ च्या नोव्हेंबरात कुठे लोकांपुढे आला. दूरचित्रवाणीच्या वेळी अशी फसवणूक टिकली नसती, कारण पडदा काळा पडल्यावर त्याच संध्याकाळी लोकांनी विचारले असते. न मिळालेल्या ब्रॉडबँडची तक्रार सहज ऐकू येत नाही. जे कधी आलेच नाही, ते बंद पडल्याचे कोणाला कळणार?

या दोन धोरणांचा एकमेकांशी संबंध काय, असे कोणी म्हणेल, तर ब्रिटनचे उदाहरण पुरेसे आहे. वर सांगितलेल्या मदत योजनेचा सगळा पैसा खर्च झाला नाही, आणि उरलेल्या रकमेचा मोठा भाग तिथल्या सरकारने ग्रामीण ब्रॉडबँडकडे वळवला. विचार योग्य होता. पैसा वळला, पण त्यामागचा नियम मात्र वळला नाही. अ‍ॅनालॉग प्रक्षेपण जितक्या लोकसंख्येपर्यंत जात होते, जवळपास तितक्या, म्हणजे ९८.५ टक्के घरांपर्यंत मुख्य सार्वजनिक वाहिन्या डिजिटल रूपात पोचवायच्या, असे त्या देशाने ठरवले होते आणि ते पाळले. २०२० च्या मार्चपासून किमान १० एमबीपीएस (सेकंदाला १० मेगाबिट) वेगाची जोडणी मागण्याचा हक्क त्याच देशाने नागरिकांना दिला, तेव्हा मात्र ३,४०० पौंडांची मर्यादा घातली. जोडणीचा खर्च त्याहून अधिक होत असेल, तर वरची रक्कम घरमालकाने भरायची. दूर डोंगरात, एकाकी रस्त्याच्या टोकाला राहणाऱ्यांनाच हा खर्च सर्वांत जास्त येतो, आणि हक्काची गरजही त्यांनाच सर्वांत जास्त असते. फिनलंडने २०१० च्या जुलैपासून १ एमबीपीएसची जोडणी हा प्रत्येकाचा कायदेशीर हक्क ठरवला, तेव्हा आकडा लहान होता, पण निदान सुरुवात हक्कापासून झाली होती.

वायर दारापर्यंत आली तरी बिल परवडले पाहिजे. अमेरिकेने गरीब कुटुंबांना इंटरनेटसाठी दरमहा ३० डॉलरपर्यंत सवलत देणारी योजना सुरू केली, सुमारे २ कोटी ३० लाख कुटुंबे तिच्यात आली आणि २०२४ च्या जूनमध्ये निधी संपला म्हणून ती बंद झाली. २००९ मध्ये कूपनांचा पैसा संपला तेव्हा तारीख पुढे गेली होती. इथे पुढे ढकलण्यासारखी तारीखच नव्हती, म्हणून कुटुंबेच मागे राहिली. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या २०२३ च्या अंदाजानुसार जगातील सुमारे २६० कोटी माणसे त्या वर्षी इंटरनेटपासून दूर होती. त्यांतल्या अनेकांच्या डोक्यावर मोबाइलचे जाळे होते, पण उपकरण, मासिक खर्चाची ऐपत किंवा वापरण्याचे कौशल्य नव्हते.

हा विषय आता मांडण्याचे कारण असे की दुसरे स्थित्यंतर दारात उभे आहे. स्वित्झर्लंडने २०१९ च्या जूनमध्ये अँटेनावर मिळणारे डिजिटल प्रक्षेपणही बंद केले. ब्रिटनमध्ये अशा प्रक्षेपणाची हमी २०३४ पर्यंत आहे आणि त्यानंतर दूरचित्रवाणी केवळ इंटरनेटवरून द्यावी का, याचा वाद सुरू आहे. अँटेनावरची सेवा एकदा बसवली की तिला मासिक जोडणी लागत नाही, आणि मनोऱ्याखाली हजार लोक पाहोत की दहा लाख, भार तेवढाच राहतो. पूर, वादळ, भूकंप अशा वेळी सगळे एकदम बातम्या पाहू लागतात, तेव्हा या साध्या गोष्टीचे मोल कळते. ही सेवा काढून दूरचित्रवाणी ब्रॉडबँडवर न्यायची, तर आज ज्याच्याकडे ब्रॉडबँड नाही त्याची बातमीही जाईल.

म्हणून माझी मागणी अशी आहे की मोकळ्या झालेल्या लहरींच्या लिलावातील ठरावीक हिस्सा कायद्यानेच शेवटच्या घरांच्या जोडणीसाठी राखून ठेवावा, तो सर्वसाधारण अंदाजपत्रकात विरघळू देऊ नये, आणि ब्रॉडबँडची मोजणी क्षेत्रावर न करता घराच्या पत्त्यावर करावी, जिच्यावर त्या घरातल्या माणसाला हरकत घेता येईल. अँटेनावरचे प्रक्षेपण बंद करण्याची तारीख या मोजणीचा निकाल लागल्याशिवाय कोणत्याही सरकारने जाहीर करू नये. परवडणारी जोडणी किती घरांत पोचली तर प्रक्षेपण बंद करता येईल, तो आकडा आधी प्रसिद्ध करावा आणि तारीख त्यानंतर द्यावी. आणि जिथे माणूस एकटा आहे, वृद्ध आहे, ज्याला पडद्यावरचा संदेश वाचता येत नाही, तिथे घरी जाऊन उपकरण लावून देणाऱ्या माणसाचा पगार जोडणीच्या खर्चातच धरावा. आत्याच्या रिमोटवर चिकटपट्टी लावणाऱ्या त्या मुलाला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागला नव्हता.

कळावे,
आपला नम्र,
एक वाचक