हिंगणघाटच्या डीटीपीवाल्या भाऊंना जाहीर आभारपत्र

आदरणीय भाऊ,
सप्रेम नमस्कार.

आमच्या हळद गटाची व्हिजिटिंग कार्डं नागपूरच्या प्रेसमधून आली. कुठं अक्षर कापलेलं नाही, पिवळ्यावर काळपट झाक नाही. गटातल्या सगळ्या बायांच्या वतीनं हे पत्र लिहिते आहे. जाहीर अशासाठी, की समुद्रपूर तालुक्यात आमच्यासारखे आणखी गट आहेत आणि त्यांनाही कधीतरी कार्ड छापायचंच आहे. कार्ड छापून देणारे पुष्कळ भेटतात. छापायच्या आधी फाइल उघडून, समोर खुर्ची देऊन, काय होणार आहे ते समजावून सांगणारे तुम्हीच भेटलात. आधी एका ठिकाणी विचारलं होतं, तिथं "होऊन जाईल" एवढंच उत्तर मिळालं होतं.

डिझाइन माझ्या पुतण्यानं मोबाइलवर हौसेनं केलेलं. मागं हळदीचा पिवळा, एका कोपऱ्यात हळदीचं पान, मधोमध गटाचं नाव. तुम्ही आधी रंगाकडंच पाहिलं. "ताई, हा पिवळा स्क्रीनवर झकास दिसून रायला, पण कागदावर मातकट येईन," म्हणालात. मोबाइलचा रंग उजेडाचा, लाल-हिरवा-निळा मिळून झालेला. प्रेसमध्ये मात्र सायन (आकाशी निळी), मॅजेंटा (गडद गुलाबी), पिवळी आणि काळी अशा चार शाया एकावर एक बसतात, म्हणून फाइल सीएमवायकेमध्ये, म्हणजे याच चार शायांच्या हिशेबानं, करावी लागते, हे मला त्या दिवशी कळलं. रंग आपोआप बदलताना आमच्या पिवळ्यात थोडा सायन आणि थोडा काळा घुसला होता. तुम्ही तो काढून टाकलात आणि नुसता पिवळा १०० टक्के व वर थोडा मॅजेंटा ठेवलात. दुसऱ्या कोणाला हे बारीकसारीक वाटेल. पण आम्ही हळद विकतो, भाऊ. मळकट पिवळं पाहिलं की गिऱ्हाईक आधी भेसळ म्हणतं, मग भाव विचारतं. पानाचा पोपटी मात्र स्क्रीनवर चमकतो तसा शाईत कधीच येणार नाही, हेही तुम्ही तेव्हाच सांगून टाकलंत. त्यामुळे कार्डं हातात आल्यावर कोणाचा हिरमोड झाला नाही.

मग मजकूर. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये पेस्ट केल्याबरोबर हिंगणघाटचं "हंिगणघाट" झालं, वेलांटी उडून भलतीकडंच जाऊन बसली. तुम्ही सगळा मराठी मजकूर नव्यानं टाइप केलात, एकेक ओळ मला मोठ्यानं वाचायला लावलीत, मोबाइल नंबर तर उलट्या बाजूनंही तपासून घेतलात. सगळं बरोबर आहे म्हटल्यावर अक्षरं कर्व्हमध्ये बदललीत. प्रेसच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला तर अक्षरांची खिचडी होते, कर्व्ह केलं की अक्षर हे नुसतं चित्र होतं. पण मग ते टाइप करून दुरुस्त करता येत नाही, म्हणून मूळ फाइल वेगळी जपून ठेवायची. बारीक अक्षरांचा काळा फक्त काळ्या शाईचाच ठेवलात. चारही शायांनी काळा केला आणि एखाद्या शाईची छपाईची प्लेट केसभर सरकली, तर अक्षरांना रंगीत कडा दिसतात.

कार्ड ९० बाय ५४ मिलिमीटरचं, फाइल मात्र ९६ बाय ६० ची, कारण चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापून जाणारा जास्तीचा रंग. कटिंग मशीनवर गठ्ठाच्या गठ्ठा एकदम कापला जातो, पातं इकडं-तिकडं झालं तर कडेला पांढरी रेघ दिसू नये म्हणून पिवळा रंग बाहेरपर्यंत वाढवायचा आणि अक्षरं कडेपासून आत घ्यायची. फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवायची, नाहीतर ती दाबली जाऊन फुटते. गटांनी एवढं जरी लक्षात ठेवलं तरी पुष्कळ झालं.

एका गोष्टीसाठी तुमचे आभार वेगळे मानायचे आहेत. आमच्या तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये जीआय मानांकन, म्हणजे त्या भागाच्या खास मालाची सरकारी ओळख, मिळालं, म्हणून आम्हाला तो शिक्का कार्डावर ठळक हवा होता. तुम्ही हात थांबवून विचारलंत, "गटाची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी झाली काय?" झाली नव्हती. तुम्ही शिक्का टाकला नाहीत, जागा मात्र राखून ठेवलीत. गिऱ्हाइकाला नाराज करून कोण असं सांगतं? नोंदणीचं आता आम्ही मनावर घेतलं आहे.

लॅमिनेशन फक्त पुढच्या बाजूला करा, हा सल्लाही किती कामाचा निघाला! आमचे हात सदा हळदीचे, पुढची बाजू ओल्या फडक्यानं पुसता येते. मागं पेनानं भाव लिहून देता येतो. एका बाजूनं लॅमिनेशन केलं की कार्ड जरा वाकतं, असं तुम्ही म्हणाला होतात. तसं ते वाकलंय, पण त्यानं काही अडत नाही.

दुरुस्तीचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. "प्रेसचे द्या, माझं राहू द्या" म्हणालात. आमच्या घरची हळद पाठवते आहे, ती वहिनींकडं द्या आणि परत करू नका. पुढच्या महिन्यात अर्धा किलोच्या पाकिटाचं लेबल करायचं आहे. ते काम तुमच्याकडंच, आणि त्याचे पैसे मात्र तुम्हाला घ्यावेच लागतील, हे सगळ्या बायांनी मिळून ठरवलं आहे.

तुमची ताई,
हळद गटाची अध्यक्ष, तालुका समुद्रपूर, जिल्हा वर्धा