गच्चीवरून फेकलेला चेंडू

चि. मीरा,
अनेक आशीर्वाद.

परवा तू बोलता बोलता फोन ठेवलास. राग आला असेल तर येऊ दे, त्याचं मला काही नाही. पण "मला फिजिक्स जमतच नाही, मी विषय सोडते" हे ज्या आवाजात म्हणालीस, तो आवाज माझ्या ओळखीचा आहे. दादाही असाच शांतपणे म्हणाला होता. तो विषय काढायचा नाही असं ठरवून बसले होते आणि चौथ्याच ओळीत काढला. असो.

चाचणीच्या पेपरचा तू पाठवलेला फोटो नीट पाहिला. गच्ची १५ मीटर उंच, चेंडू सेकंदाला २० मीटर वेगाने, आडव्याशी ३० अंश वर फेकलेला, जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण (वेग बदलण्याचा दर), १० धरायचा. तो पायथ्यापासून किती दूर पडेल? तू थेट पल्ल्याचं सूत्र लावलंस आणि ३४.६ मीटर काढलेस. आकडेमोड अगदी स्वच्छ आहे. पण ते सूत्र चालतं कधी, तर चेंडू सुटला त्याच पातळीवर परत येतो तेव्हा. तुझ्या ३४.६ मीटरवर चेंडू गच्चीच्या उंचीला आलाय खरा, पण अजून १५ मीटर हवेतच आहे. त्याला खाली यायचंय, आणि येता येता पुढेही जायचंय.

आता शांतपणे बघ. आधी आकृती काढ, मग पानाच्या मधोमध एक उभी रेघ ओढ. एका बाजूला फक्त आडवं, दुसऱ्या बाजूला फक्त उभं. आडवा वेग २० गुणिले कॉस ३०, म्हणजे १७.३. त्याला कोणी हात लावत नाही, तो शेवटपर्यंत तेवढाच. उभा वेग २० गुणिले साइन ३०, म्हणजे १०, आणि गुरुत्वाकर्षण फक्त याच बाजूला. दोन्ही बाजूंना सामाईक काय? वेळ. म्हणून वेळ उभ्या बाजूकडून काढायची आणि आडव्या बाजूला वापरायची. वरची दिशा धन धरलीस तर जमीन उणे १५ वर. वेळेला टी म्हण. उणे १५ बरोबर १० टी उणे ५ टी वर्ग, त्यातला ५ म्हणजे जीचा निम्मा. सोडवलंस की टी ३ किंवा उणे १. तीन सेकंद गुणिले १७.३, म्हणजे जवळपास ५२ मीटर. चेंडू वर जातानाचा आणि खाली येतानाचा वेळ वेगवेगळा काढायची गरजच नाही. चिन्हं सांभाळलीस की एकच समीकरण दोन्ही धरून घेतं.

आणि तो उणे १ लगेच खोडू नकोस, मला तो फार आवडतो. एक सेकंद आधी, मागे १७.३ मीटरवर, जमिनीवरून कोणी चेंडू नेमक्या वेगाने फेकला असता आणि इमारत आड नसती, तर तो गच्चीच्या कडेला याच वेगाने, याच कोनात पोचला असता. समीकरणाला गच्ची कुठे माहीत आहे? त्याला फक्त तो वक्र ठाऊक.

दुसऱ्या प्रश्नात "सर्वोच्च बिंदूला वेग शून्य" लिहिलंयस. शून्य होतो तो फक्त उभा वेग. आडवे १७.३ तिथेही आहेतच. त्वरणही तेच, खालच्या दिशेने १०. ते तिथे शून्य असतं तर चेंडू त्या उंचीवरून तसाच सरळ निघून गेला असता.

बघ, मी पुन्हा शिकवायलाच लागले. तू म्हणतेस ते बरोबर आहे, मी ऐकण्याआधी समजावायला लागते. माफ कर. पण तू सोडून देशील या भीतीने माझं बोलणं वाढतं.

तुला आठवतं का ते माहीत नाही. आगगाडीत तू रबरी चेंडू वर उडवून झेलत होतीस आणि मध्येच विचारलंस, "गाडी पुढे गेली, मग चेंडू मागे का नाही पडला?" आजोबांनी उत्तर दिलं नाही. "पुन्हा उडव आणि बघ," एवढंच म्हणाले. तू उतरेपर्यंत उडवत होतीस, सुमनमावशी वैतागली होती. उडवताना चेंडूकडे गाडीचा आडवा वेग आधीच होता आणि वर-खाली जाण्याने तो बदलत नव्हता. या सगळ्या धड्याचा कणाच तो, आणि तू तो फळ्यावर नाव वाचण्याच्या कितीतरी आधी हातात धरला होतास. ज्या मुलीने तो प्रश्न विचारला तिला हा विषय जमत नाही, हे मला कोणी सांगून पटणार नाही.

तोफेचा गोळा आधी सरळ जातो आणि जोर संपला की खाली कोसळतो, असं पूर्वी पुष्कळ विद्वान मानत. गॅलिलिओने १६३८ मध्ये आडवी आणि उभी गती वेगवेगळी धरून तो मार्ग अन्वस्त, म्हणजे पॅराबोला, असतो हे छापलं. हवेचा विरोध बाजूला ठेवून, अर्थात. इतक्या उशिरा माणसांना उमगलेली गोष्ट तुला एका चाचणीत चुकली, तर त्यावरून स्वतःविषयी निकाल देऊ नकोस.

विषय सोडायचाच असेल तर सोड, तो हक्क तुझा. फक्त रागात नको, आणि दादासारखा कोणालाही न सांगता नको. हे मी दुसऱ्यांदा लिहितेय, कळतंय मला. खाडाखोड करत नाही, राहू दे.

त्या धड्यातलं पुढचं गणित घे, तेच, उतारावर पडणाऱ्या चेंडूचं. उत्तर काढू नकोस. नुसती आकृती काढ, अक्ष कुठे घेतलेस ते दाखव आणि फोटो पाठव. मी त्यावर काहीही म्हणणार नाही, तू विचारलंस तरच. आणि रविवारी फोन कर, गणिताचं बोलायचं नसेल तरीही.

तुझी,
आई