रेकॉर्डर बदला, कॅमेरे राहू द्या

महोदय,

मुंबईतल्या सोसायट्यांत सीसीटीव्हीचा रेकॉर्डर बिघडला की 'कंपनी वेगळी, सगळे कॅमेरे बदला' असं कोटेशन हमखास येतं. बहुतेकदा त्याची गरज नसते.

कोअॅक्सियल केबलचे कॅमेरे असतील तर नवा डीव्हीआर (अशा कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर) टीव्हीआय, सीव्हीआय, एएचडी हे तिन्ही सिग्नल तुमच्या कॅमेऱ्यांच्याच रिझोल्यूशनला घेतो का, एवढंच पाहा.

आयपी (नेटवर्क केबलवर चालणाऱ्या) कॅमेऱ्यांना दुसऱ्या कंपनीच्या रेकॉर्डरशी जुळायला ऑनव्हिफ हे सामायिक मानक लागतं आणि अनेकांत ते मुळात बंद असतं. लॅपटॉपवरून कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन चालू करा. काही ब्रँडना त्यासाठी वेगळा युजर बनवावा लागतो. (म्हणूनच एएमसी (वार्षिक देखभाल करार) संपण्याआधी जुन्या देखभालवाल्याकडून कॅमेऱ्यांचे पासवर्ड घ्या.) पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन नाकारलं तर कॅमेऱ्याचं घड्याळ तपासा, वेळ जुळली नाही तर ऑनव्हिफ ओळख पटवत नाही. कॅमेरा जोडला, पण चित्र काळं? कॅमेऱ्याचं एन्कोडिंग (व्हिडिओ लहान करून पाठवण्याची पद्धत) एच.२६५+ वरून साध्या एच.२६४ वर आणा. केबल थेट रेकॉर्डरच्या पीओई (केबलमधूनच कॅमेऱ्याला वीज देणाऱ्या) पोर्टमध्ये खोचली तर आयपी पत्त्यांची मालिका अनेकदा जुळत नाही. जुना पीओई स्विच तसाच ठेवून रेकॉर्डरच्या लॅन पोर्टला जोडणं सोपं.

हालचाल दिसली तरच रेकॉर्डिंग, ही सोय परक्या ब्रँडवर भरवशाची नाही. सलग रेकॉर्डिंग ठेवा. २ एमबीपीएसने (सेकंदाला २ मेगाबिट) एक कॅमेरा दिवसाला २१.६ जीबी खातो. १६ कॅमेरे, ३० दिवस म्हणजे सुमारे १०.४ टीबी. कोटेशनमधली २ टीबीची हार्ड डिस्क सहाव्या दिवशीच जुनं पुसायला लागेल.

— एक वाचक, मुलुंड