अंदाज हाताशी असताना धरण तारखेवर का चालवायचे?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

अतिवृष्टीत धरणातून ‘अचानक’ पाणी सोडल्याची बातमी आली की चर्चा दोनच प्रश्नांवर होते: अंदाज चुकला का, आणि दरवाजे उशिरा उघडले का. या दोहोंमधला दुवा सहसा कोणी तपासत नाही. हवामान खाते पावसाचा अंदाज देते, धरणाला हवा असतो येव्याचा, म्हणजे धरणात येणाऱ्या पाण्याचा. त्यावरचे संशोधन बरेच पुढे गेले आहे, पण अनेक धरणांच्या परिचालन सूचीत कोणत्या तारखेला पाणीपातळी किती ठेवायची हे आजही आधीच ठरलेले असते. ही सूची बदलायला हवी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हिशेब करून पाहा. 1000 चौरस किलोमीटरच्या पाणलोटावर 24 तासांत 200 मिलिमीटर पाऊस पडला आणि भिजलेल्या जमिनीवरून त्यातला 70 टक्के वाहून आला, तर 140 दशलक्ष घनमीटर, म्हणजे जवळपास पाच टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी एका दिवसात येते. पातळी वाढू द्यायची नसेल तर दिवसभर सरासरी 57 हजार क्युसेक (सेकंदाला घनफूट) सोडावे लागतील. जमीन कोरडी असेल तर यातले बरेच पाणी मुरेल. पाऊस थोडा बाजूला सरकला तर तो शेजारच्या खोऱ्यात जाईल. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, त्याच दिवशी कुलाब्याला फक्त 73. म्हणून जिल्ह्याला दिलेल्या इशाऱ्यावर दरवाजे चालवता येत नाहीत. अंदाज पाणलोटाच्या हद्दीपुरता आणि तासागणिक हवा.

त्याआधी पडलेला पाऊस तरी नीट मोजला जातो का? स्वयंचलित पर्जन्यमापकात सी-सॉसारखी आळीपाळीने कलंडणारी दोन छोटी पात्रे असतात. नरसाळ्याचे तोंड 200 चौरस सेंटिमीटर असेल, तर 0.2 मिलिमीटर पावसाला, म्हणजे 4 मिलिलिटर पाण्याला पात्र एकदा कलंडते. ताशी 120 मिलिमीटर वेगाने पाऊस पडत असेल तर दर सहा सेकंदांनी. कलंडत असतानाही वरून धार चालूच असते आणि ते पाणी मोजणीतून सुटते. मुसळधार पावसात पाच-दहा टक्के असेच हरवतात, म्हणजे नेमका अतिवृष्टीचा आकडा कमी येतो. यंत्राची तपासणी एकाच संथ धारेवर केली तर हा दोष दिसत नाही. ती ताशी 50, 100 आणि 150 मिलिमीटर अशा वेगवेगळ्या वेगांवर करून दुरुस्तीचा तक्ता बनवावा लागतो. नरसाळ्यात पाला अडकला तर नोंदीत पावसाचा जोर चढलेला दिसतच नाही, आणि पाऊस थांबल्यावरही तासन् तास भुरभुर चालू राहिल्यासारखी दिसते. शेजारी पाणी साठवणारा साधा पर्जन्यमापक ठेवून रोजची बेरीज ताडली की हे लगेच कळते. खर्च नगण्य आहे, तरी हे काम टाळले जाते.

रडारचीही मर्यादा आहे. अर्ध्या अंशाने वर रोखलेला किरण 100 किलोमीटरवर पोहोचेपर्यंत जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर उंच गेलेला असतो. डोंगराला अडून खालच्या थरात वाढणारा पाऊस त्याच्या खालून निसटतो, आणि धरणांचे पाणलोट बहुधा अशाच डोंगरांत असतात. तिथे रडारला जमिनीवरच्या पर्जन्यमापकांची जोड लागतेच.

पुढचा प्रश्न, अंदाज वापरायचा कसा? किंचित वेगवेगळ्या सुरुवातीपासून हवामानाचे एकच संगणकीय प्रारूप पन्नास वेळा चालवून पन्नास शक्यता काढल्या जातात. त्यांची सरासरी घेणे ही नेहमीची चूक. सरासरीत टोकाचा पाऊस विरघळून जातो. प्रत्येक शक्यतेचा येवा वेगळा काढावा आणि किती शक्यतांमध्ये पूर्ण संचय पातळी (धरण पूर्ण भरल्याची पातळी) ओलांडली जाते ते मोजावे. पन्नासपैकी सहा, म्हणजे 12 टक्के धोका. किती दिवस आधी किती टक्के धोका पत्करायचा हे सूचीत लिहून ठेवले की पुराच्या रात्री अभियंत्याला एकट्याने जुगार खेळावा लागत नाही. खालच्या नदीची पूरवहन क्षमता 15 हजार क्युसेक असेल तर दोन टीएमसी जागा रिकामी करायला, येवा शून्य धरला तरी, दीड दिवसाहून जास्त लागतो. सहा तास आधी मिळालेला अचूक अंदाज इथे फारसा कामाचा नाही.

कॅलिफोर्नियातल्या लेक मेंडोसिनो जलाशयात डिसेंबर 2012 मध्ये सूचीप्रमाणे पूरजागा (पुराचे पाणी सामावायला राखलेली जागा) मोकळी करायला पाणी सोडले गेले. 2013 कोरडे गेले आणि ते पाणी परत आले नाही. त्यानंतर अंदाजावर आधारित परिचालन आखले गेले. 2020 च्या जलवर्षात (ऑक्टोबर ते सप्टेंबर) त्यामुळे सुमारे 14 दशलक्ष घनमीटर जास्तीचे पाणी राखता आले. तिकडच्या अतिवृष्टीचे मूळ असलेले बाष्पाचे पट्टे समजून घेण्यासाठी विमानांतून समुद्रावर ड्रॉपसोंड (खाली पडता पडता मोजमाप करणारी छोटी उपकरणे) सोडून तापमान, आर्द्रता आणि वारा मोजतात. समुद्रावरचे निरीक्षण सुधारले की धरणावरच्या अंदाजाला वेळ मिळतो. उलट ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या 2011 च्या पुरानंतर शहराच्या वरच्या अंगाला असलेल्या विवेनहो धरणाचा वाद अनेक वर्षे न्यायालयात चालला. विसर्ग ठरवताना पडलेलाच पाऊस धरायचा की अंदाजातलाही, हा त्यातला कळीचा मुद्दा होता.

‘पाणी सोडले आणि पाऊस आलाच नाही तर?’ ही भीती रास्त आहे. त्यासाठी विसर्ग टप्प्याटप्प्याने करावा, दर सहा तासांनी नव्या अंदाजावर फेरनिर्णय घ्यावा आणि उरलेल्या हंगामात खात्रीने भरून निघेल तेवढेच पाणी सोडावे. मागच्या वीस-तीस वर्षांचे अंदाज आजच्या प्रारूपाने पुन्हा काढून, कागदावर धरण चालवून, ही मर्यादा प्रत्येक धरणासाठी वेगळी काढावी लागेल. एका खोऱ्याची सूची दुसऱ्याला चालत नाही.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती. पुढच्या पुरात विसर्गाच्या आकड्यासोबत तीन गोष्टी मागून छापाव्यात: निर्णय घेताना अपेक्षित येवा किती होता, तो किती तासांसाठी होता आणि प्रत्यक्षात किती आला.

आपले,
जलविज्ञान व हवामानशास्त्राचे काही अभ्यासक